दिनविशेषातला धागा कसा शोधायचा: नवख्यांसाठी, टप्प्याटप्प्याने

शाळेच्या परिपाठात, वाचनालयाच्या फळ्यावर, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात दिनविशेष असतोच. त्याची घडणही ठरलेली: घटना, जन्म, मृत्यू. सात-आठ ओळी, प्रत्येकीच्या मागे एक साल, आणि एकीचा दुसरीशी काडीचा संबंध नाही. मुलं ऐकतात आणि वर्गात पोचेपर्यंत विसरतात. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? धरून ठेवण्यासारखं त्यात काही नसतंच.

त्याच तारखेच्या चार-पाच घटना एका धाग्यात ओवल्या की चित्र बदलतं. लोक फळ्यापाशी थांबतात, वाद घालतात, घरी जाऊन सांगतात. मी आमच्या वाचनालयाचा फळा असाच लिहिते. हे काम नव्याने गळ्यात पडलेले शिक्षक आणि ग्रंथपाल मला बहुतेक तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे. उदाहरणाला मुख्यतः एकच तारीख घेते: १६ एप्रिल. आपल्याकडे ती बोरीबंदर-ठाणे आगगाडीमुळे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे सुरुवात करायला सोपी.

हाताशी काय हवं

- सहा रकान्यांची वही किंवा एक्सेलची शीट. रकाने असे: साल, ठिकाण, कोण, काय घडलं, तारीख कोणत्या कालगणनेतली, कुठे वाचलं. शेवटचे दोन रकाने कंटाळवाणे वाटतात, पण सगळी भिस्त त्यांच्यावरच आहे.
- दिनविशेषाच्या किमान दोन वेगवेगळ्या याद्या, एक मराठी आणि एक इंग्रजी. मराठी विकिपीडियावर प्रत्येक तारखेचं पान आहे; सुरुवातीला ते पुरतं.
- पडताळणीसाठी मराठी विश्वकोश (संकेतस्थळावर मोफत वाचता येतो) आणि आपल्या जिल्ह्याचं गॅझेटियर.
- शिवकाळात किंवा पेशवाईत शिरणार असाल तर जंत्री, म्हणजे वेगवेगळ्या कालगणनांच्या तारखा जुळवून देणारं कोष्टक. शके आणि हिजरी तारखा तिच्याशिवाय जुळवू नका.
- दोन मोकळ्या संध्याकाळी. पहिलीत यादी होते, दुसरीत तिच्यातलं निम्मं उडतं.

१. आधी तारीख, मग विषय

‘या आठवड्यात पर्यावरण घेऊ’ असं ठरवून तारीख धुंडाळायला बसलात, तर पर्यावरण सापडणारच आणि बाकी काही दिसणार नाही. आधी तारीख घ्या. विषय यादीतून वर येऊ द्या.

२. कच्ची यादी ऐसपैस करा

पंचवीस-तीस नोंदी तरी गोळा करा. १६ एप्रिलची माझी कच्ची यादी उघडली तर त्यात हे आहे: १७४६ ची स्कॉटलंडमधली कलोडनची लढाई, १८५३ ची आगगाडी, १८६७ मध्ये विल्बर राइटचा जन्म, १८८९ मध्ये चार्ली चॅप्लिनचा, १९१२ मध्ये हॅरिएट क्विम्बीने विमानाने ओलांडलेली इंग्लिश खाडी, १९१७ मध्ये चंपारणात गांधीजींना मिळालेली नोटीस, त्याच दिवशी लेनिनचं पेत्रोग्राडला पोचणं, १९४७ मध्ये टेक्सास सिटी बंदरात जहाजावरच्या अमोनियम नायट्रेटचा स्फोट, १९७२ चं अपोलो १६ चं उड्डाण, २०१४ मध्ये दक्षिण कोरियात बुडालेली सेवोल बोट.

यातली चंपारणची नोंद तयार याद्यांत सहसा दिसत नाही. ‘चंपारण सत्याग्रह, १९१७’ एवढ्यावर काम भागवलेलं असतं. घटनाक्रम दिवसागणिक वाचला की १५ तारखेला मोतीहारी, १६ ला नोटीस, १८ ला कोर्ट असं उलगडत जातं. तयार याद्यांचा कल युरोप-अमेरिकेकडे, आणि भारताचा भाग आला की क्रिकेटपटू आणि नटनट्यांकडे. उरलेलं आपणच भरायचं असतं.

जन्म आणि मृत्यू वेगळ्या पानावर टाका, असं माझं स्पष्ट मत आहे. जन्माच्या दिवशी माणसाने स्वतः काही केलेलं नसतं. विल्बर राइटने जे केलं ते १९०३ च्या डिसेंबरात. १६ एप्रिलला तो फक्त रडला असेल. मृत्यूची नोंद घ्यायचीच तर त्या मृत्यूने काही घडलं असेल तेव्हा घ्या.

३. तारीख खरंच तीच आहे का?

नवखे इथेच फसतात, आणि जुनेजाणतेही. खाचखळगे पाच.

*जुनी आणि नवी पद्धत.* १५८२ मध्ये पोप तेराव्या ग्रेगरीने कालगणना सुधारली, पण सगळ्या देशांनी ती एकदम उचलली नाही. पोर्तुगालने लगेच उचलली, इंग्लंडने १७५२ मध्ये, रशियाने १९१८ मध्ये. याचा आपल्याशी थेट संबंध आहे: सतराव्या शतकात सुरतेच्या वखारीतला इंग्रज आणि गोव्यातला पोर्तुगीज एकाच दिवशी पत्र लिहायला बसले, तर दोघांच्या तारखांत दहा दिवसांचं अंतर पडे. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही इंग्रजांच्या जुन्या पद्धतीची तारीख. तेव्हा त्यांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर हजर होता. नव्या पद्धतीने तो दिवस १६ जून येतो. तसंच शिवजयंतीचं. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ म्हणजे जुन्या पद्धतीने १९ फेब्रुवारी १६३०, नव्याने १ मार्च. फळ्यावर रूढ तारीखच लिहा, उगाच वाद ओढवून घेऊ नका. पण तिच्याशेजारी त्याच काळातली फ्रान्सची किंवा स्पेनची घटना ठेवून ‘त्याच दिवशी’ म्हणू नका.

याचं जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे २३ एप्रिल १६१६. शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हांतेस एकाच दिवशी गेले असं आपण पुस्तकदिनाला हमखास ऐकतो. स्पेन नव्या पद्धतीवर होता, इंग्लंड जुन्या. दोघांच्या मृत्यूत दहा दिवसांहून जास्त अंतर आहे. शिवाय २३ ही सर्व्हांतेसच्या दफनाची तारीख, मृत्यू आदल्या दिवशीचा. आकडे जुळले, दिवस नव्हेत.

आता आपल्या यादीतला लेनिन. रशियन पुस्तकांत तो ३ एप्रिलला पेत्रोग्राडला उतरतो. त्यात तेरा दिवस मिळवले की १६ एप्रिल. गांधीजींची तारीख मुळातच नव्या पद्धतीची. म्हणजे हे दोघं खरोखर एकाच दिवशी वाटेवर होते. ही जोडी टिकते.

*दिवस कधी सुरू होतो.* पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो, घड्याळाचा मध्यरात्री. लोकमान्य टिळकांचं निधन मुंबईच्या सरदारगृहात मध्यरात्र उलटून गेल्यावर झालं, म्हणून १ ऑगस्ट १९२०. पंचांगाच्या हिशेबाने अजून आदलाच दिवस चालू होता. बखरी आणि शकावल्यांमधल्या (सालवार नोंदींमधल्या) रात्रीच्या घटनांना हा नियम लावून बघा.

*कुठलं घड्याळ.* अपोलो ११ चांद्रभूमीवर उतरलं ते अमेरिकेत २० जुलै १९६९ ला, आपल्याकडे २१ ची पहाट होण्याआधी पावणेदोनच्या सुमारास. अपोलो १६ आपल्या घड्याळाने रात्री ११ वाजून २४ मिनिटांनी उडालं, म्हणून १६ एप्रिलमध्ये बसलं. आणखी ३६ मिनिटं गेली असती तर भारतापुरती तारीख बदलली असती.

*सणाची तारीख तेव्हा कुठे होती.* पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, म्हणून ‘ऐन संक्रांतीच्या दिवशी’ असं भाषणांत येतं. संक्रांत सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. १७६१ मध्ये ती १४ च्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती.

*घटना की बातमी.* जुन्या वर्तमानपत्रातून तारीख उचललीत तर ती छापल्याची असते. घटना एक-दोन दिवस आधीची, तारायंत्राच्या आधीच्या काळात तर कित्येक आठवडे.

४. ‘पहिला’ शब्द दिसला की थांबा

१६ एप्रिल १८५३ ची गाडी ‘भारतातली पहिली रेल्वे’ म्हणून सर्रास लिहिली जाते. मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ मध्ये दगड वाहायला रूळ टाकले होते. रुडकीला गंगेच्या कालव्याच्या कामावर १८५१ मध्ये इंजिन धावलं होतं. बोरीबंदरची गाडी ही पहिली प्रवासी गाडी. एक शब्द वाढला तर फळ्यावर जागा जात नाही. आणि इथे तर तो एकच शब्द पुढे आपल्याला धागा मिळवून देणार आहे.

‘सर्वात मोठा’, ‘एकमेव’, ‘जगात प्रथमच’ या सगळ्यांना हेच लागू.

५. पहिला धागा पकडा आणि शेजारच्या तारखांवर घासून बघा

चाळून उरलेली यादी बघितली की पहिला शब्द कोणालाही सुचेल: प्रवास. आगगाडी, विमान, हत्ती (चंपारणात गांधीजी त्यावरून निघाले होते), पुन्हा आगगाडी (लेनिनची), चांद्रयान, बोट. बघताच आनंद होतो, आणि नेमका तिथेच बहुतेक जण खडू उचलतात.

थांबा. तोच शब्द आदल्या आणि नंतरच्या तारखेला लावून बघा. १५ एप्रिल: १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली. १७ एप्रिल: १९७० मध्ये अपोलो १३ चे अंतराळवीर जेमतेम जीव वाचवून परतले. १२ एप्रिलपर्यंत मागे गेलात तर १९६१ मध्ये युरी गागारिन. प्रवास कुठेही सापडतो. लढाई, शोध, स्वातंत्र्य, कला हे शब्दही तसेच. वर्षातल्या कुठल्याही तारखेला चिकटतात. इतिहासात घटना अगणित आणि तारखा फक्त ३६६, तेव्हा काहीतरी जुळणारच. वर्गात हे पटवायचं असेल तर वाढदिवस विचारा. नुसती २३ मुलं असली तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते.

आकड्यांच्या जुळण्यापासूनही सावध. बोरीबंदर ते ठाणे हे ३४ किलोमीटर कापायला गाडीला ५७ मिनिटं लागली असं सांगतात, आणि हॅरिएट क्विम्बीचं उड्डाण ५९ मिनिटांचं. मोह होतो. त्यातून निघत काहीच नाही.

६. धागा प्रश्नाच्या रूपात मांडा

या सगळ्या कामातलं खरं कसब इथे आहे, म्हणून जरा रेंगाळते.

‘प्रवास’ हा शब्द सगळं पोटात घेतो आणि काहीच विचारत नाही. प्रश्न केला की नोंदी निवडाव्या लागतात. प्रश्न कसा सापडतो? प्रत्येक नोंदीचा ‘कोण’ हा रकाना वाचत खाली या. कोण हजर होतं, कोणी परवानगी दिली, कोणाला वगळलं. १६ एप्रिलचा तो रकाना मी असा भरला:

१८५३ च्या गाडीत सुमारे ४०० माणसं होती, १४ डबे, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. आणि ही सगळी माणसं निमंत्रित पाहुणे.

१९१२ मध्ये हॅरिएट क्विम्बीकडे विमान चालवण्याचा परवाना होता; तो मिळवणारी ती पहिली अमेरिकन स्त्री. तरी तिचा मित्र वैमानिक गुस्ताव हामेल याने सुचवलं होतं, की तिचा तो जांभळा पोशाख घालून मीच खाडी पार करतो, पलीकडे उतरल्यावर जागा बदलू. तिने नकार दिला आणि डोव्हरहून एकटी उडाली.

१९१७ मध्ये गांधीजी मोतीहारीहून हत्तीवर बसून एका खेड्याकडे निघाले होते. निळीच्या मळेवाल्यांनी छळलेल्या शेतकऱ्याला भेटायचं होतं. अर्ध्या वाटेत पोलीस अधीक्षकाचा माणूस निरोप घेऊन आला. त्याने आणलेल्या भाड्याच्या गाडीतून गांधीजी मागे फिरले आणि त्यांच्या हातात चंपारण सोडून जाण्याची नोटीस पडली. जिल्हा मात्र त्यांनी सोडला नाही.

लेनिनला गाडीत बसू दिलं ते जर्मनीने, म्हणजे रशियाशी लढत असलेल्या देशाने. हा माणूस परत पोचला तर रशिया युद्धातून बाहेर पडेल, हा त्यामागचा हिशेब.

आणि १९७२. अपोलो १६ मध्ये केन मॅटिंग्ली होता. दोन वर्षांपूर्वी अपोलो १३ च्या उड्डाणाला तीन दिवस उरले असताना त्याला उतरवलं होतं, कारण रुबेला झालेल्या सहकाऱ्याच्या तो संपर्कात आला होता. त्याला रुबेला झालाच नाही. आणि ज्याच्यापासून लागण होईल अशी भीती होती, तो चार्ल्स ड्यूक अपोलो १६ मध्ये त्याच्याबरोबरच होता.

पाचही नोंदी एकच गोष्ट विचारतात: वाहनात कोण बसतं, आणि कोण बसू देतं? हा प्रश्न आता १५ एप्रिलवर घासून बघा. टायटॅनिकच्या जीवरक्षक होड्यांमुळे तिथेही तो लागतो, पण अशा पाच वेगवेगळ्या नोंदी ओळीने मिळवायला घाम गाळावा लागेल. एवढं पुरे. धागा जगात दुसरीकडे कुठेही नसावा अशी अट नाही; या यादीतल्या नोंदी त्याच्यामुळे अधिक नीट दिसायला हव्यात.

जी नोंद बसत नाही ती सोडा. चॅप्लिनचा भटक्या म्हणजे पायी प्रवास, असं ओढूनताणून त्याला आणू नका. कलोडन आणि टेक्सास सिटीही गेले. सोडलेल्या नोंदींची हळहळ वाटते, वाटू दे.

७. नातं कोणत्या जातीचं ते ठरवा

एका तारखेच्या दोन घटनांमध्ये तीन प्रकारचं नातं असू शकतं आणि ते वाचकाला सांगणं आपलं काम आहे.

मुद्दाम जुळवलेलं: १९३० मध्ये २६ जानेवारीला पूर्ण स्वराज्य दिन पाळला, म्हणून १९५० मध्ये राज्यघटना लागू करायला तोच दिवस निवडला. १५ ऑगस्टही असाच. जपानच्या शरणागतीचा दिवस म्हणून माउंटबॅटनने तो धरला.

कारणाने जोडलेलं: हे बहुधा एकाच साली, लागून असलेल्या दिवसांत सापडतं. क्विम्बीचा पराक्रम वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांत गेला, कारण आदल्याच दिवशी टायटॅनिक बुडाली होती.

निव्वळ योगायोग: लोकमान्य गेले त्याच दिवशी, १ ऑगस्ट १९२० ला, वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले. असहकार चळवळही त्याच दिवशी सुरू झाली, पण तो मुहूर्त आधीच जाहीर झाला होता.

फसवणारी उदाहरणंही आहेत. अमेरिकेचं पहिलं अंतराळ शटल कोलंबिया १२ एप्रिल १९८१ ला उडालं, गागारिननंतर बरोबर वीस वर्षांनी. कोणालाही वाटेल की दिवस साधला. उड्डाण ठरलं होतं १० तारखेला; संगणकात बिघाड निघाला आणि दोन दिवस पुढे गेलं.

८. फळ्यावर उतरवताना

पाच नोंदींच्या वर जाऊ नका. साल आधी, ठिकाण लगेच, क्रियापद ठसठशीत. विशेषणं जवळजवळ नकोतच. हा माझा १६ एप्रिलचा मजकूर, हवा तर जसाच्या तसा वापरा:

> १६ एप्रिल: गाडीत कोण बसलं?
>
> १८५३. बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी आगगाडी निघाली. डबे १४, माणसं सुमारे ४००, सगळी निमंत्रित.
>
> १९१२. हॅरिएट क्विम्बी डोव्हरहून एकटी उडाली आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरली. विमान चालवत इंग्लिश खाडी ओलांडणारी पहिली स्त्री.
>
> १९१७. चंपारणात गांधीजी हत्तीवरून खेड्याकडे निघाले. वाटेत अडवून हुकूम दिला: जिल्हा सोडा. सोडला नाही.
>
> १९१७. त्याच रात्री लेनिन आगगाडीने पेत्रोग्राडला उतरला. रशियात तेव्हा ३ एप्रिल होता.
>
> १९७२. अपोलो १३ मधून ऐन वेळी उतरवलेला केन मॅटिंग्ली अपोलो १६ मधून चंद्राकडे निघाला.
>
> तारखा जुळल्या तो योगायोग. तुम्ही पहिल्यांदा कशात बसलात? कोणी बसू दिलं?

परिपाठात वाचायचं असेल तर लेनिनची नोंद गाळा. लहान मुलांना जुन्या-नव्या तारखेचा घोळ दोन मिनिटांत समजत नाही. आठवीच्या पुढे मात्र तीच सगळ्यात जास्त रंगते.

सेवोल मी घेतलेली नाही, हे लक्षात आलं असेल. त्या बोटीवर ३०४ जण गेले, त्यातली बहुतेक सहलीला निघालेली शाळेची मुलं. प्रश्नात ती नोंद चपखल बसते, आणि म्हणूनच मला ती ओवायची नाही. ज्यांचे आईबाप आज हयात आहेत, अशा मृत्यूंचा गंमतीदार धाग्यातला एक मणी करू नये. लिहायचंच असेल तर त्या दिवशी फळ्यावर तेवढंच लिहा.

जयंती-पुण्यतिथ्यांचंही भान ठेवा. १४ एप्रिल किंवा ६ डिसेंबरला लोक फळ्याकडे एका अपेक्षेने येतात. त्या दिवशी हुशारी बाजूला ठेवून बाबासाहेबांवरच लिहावं, हे उत्तम. १४ एप्रिल १९४४ चा मुंबई गोदीतला स्फोट हवा असेल तर खाली वेगळी चौकट करा. अग्निशमन सेवा दिन त्यावरूनच आला आहे.

९. पुसण्याआधी

फळ्याचा फोटो काढा आणि वहीत त्या तारखेच्या पानावर चिकटवा. गाळलेल्या नोंदी खोडू नका. पुढच्या वर्षी वेगळा प्रश्न सुचला तर त्याच कामाला येतात. वाचकाने चूक दाखवली तर दुरुस्ती त्याच फळ्यावर, दुसऱ्या रंगाच्या खडूने करा आणि ‘कुठे वाचलं’ हा रकाना त्याच्याकडूनच भरून घ्या. आमच्याकडे असे दुरुस्त्या सुचवणारे दोघं-तिघं आता यादी करायलाच येऊन बसतात.